नवऱ्याचं बीपी, बायकोचं बीपी

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत बीपीच्या गोळीइतका चघळला जाणारा विषय दुसरा नसेल. त्यात एक कहाणी हमखास ऐकू येते. नवऱ्याला गोळी पंचेचाळिशीच्या आतच लागली. बायकोचं मात्र पाळी जाईपर्यंत सगळं ठीक होतं, आणि मग काही वर्षांतच तिचाही काटा वर सरकला. कारण विचारलं तर ‘बाईमाणसाला टेन्शन कमी’ असं ठोकून दिलं जातं. (असं म्हणणाऱ्याने डबे भरायच्या वेळी घरच्या स्वयंपाकघरात तासभर उभं राहावं आणि हेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवावं.) निरीक्षण बरोबर आहे, कारण चुकीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांना उच्च रक्तदाब होता, स्त्रियांपैकी २१ टक्क्यांना. सरासरीत फरक किरकोळ दिसतो. वयाप्रमाणे पाहिलं की चित्र उघडतं: तरुणपणी पुरुष पुढे, आणि अनेक देशांत साठी-पासष्टीनंतर स्त्रिया त्यांच्याही पुढे.

संप्रेरकांचा यात हात आहे हे डॉक्टर जुन्या काळापासून सांगतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुढे आलेली गोष्ट जास्त चकित करणारी आहे. सर्दी-तापाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी बीपी वाढवण्यातही सामील असतात, आणि बाईच्या शरीरात त्या पुरुषासारख्या वागत नाहीत.

पहिली चाहूल १९६० च्या दशकातच लागली होती. ज्या उंदरांचं बीपी मूत्रपिंडाला इजा करून वाढवलं होतं, त्यांच्या लसिका ग्रंथींतल्या पेशी निरोगी उंदरांत सोडल्या, तर त्यांचंही बीपी चढलं. पण त्याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. मग २००७ साली अमेरिकेत डेव्हिड हॅरिसन यांच्या प्रयोगशाळेतून एक शोधनिबंध आला. टी आणि बी या दोन्ही प्रकारच्या पांढऱ्या पेशी जन्मतःच नसलेले उंदीर त्यात वापरले होते. अशा उंदराच्या कातडीखाली एक छोटा पंप बसवतात आणि त्यातून अँजिओटेन्सिन हे रसायन दिवसरात्र झिरपत राहतं. साध्या उंदराचं बीपी यामुळे भराभर वाढतं. या उंदरांचं फारसं वाढलं नाही. त्यांना टी पेशी परत दिल्या आणि बीपी वाढलं. बी पेशी दिल्या, तेव्हा नाही. या टी पेशी रक्तवाहिन्यांभोवतीच्या चरबीत आणि मूत्रपिंडात जाऊन बसतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. परिणामी मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि वाहिन्या ताठरतात.

पण हे सगळं बहुतेक नरांवर तपासलेलं होतं. मादीचं ऋतुचक्र आकडे बिघडवतं, या सबबीवर प्रयोगशाळा वर्षानुवर्षं नरच वापरत आल्या. मला विचाराल तर ही सबब म्हणजे निव्वळ आळस होता. जो फरक शोधायला हवा होता, तोच टाळला गेला.

२०१४ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात हेडवेन ब्रुक्स यांच्या गटाने तोच प्रयोग माद्यांवरही केला. नराच्या टी पेशी नराला दिल्या, बीपी चढलं. त्याच पेशी मादीला दिल्या, तिने त्या पचवल्या. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने उलटी बाजू तपासली: नराला मादीच्या टी पेशी दिल्या, तर बीपी तितकं वाढत नाही. म्हणजे पेशी कुणाची आणि शरीर कुणाचं, या दोन्हींवर निकाल ठरतो.

मादीजवळ असं काय आहे? तालमीत दोन पोरं इरेला पेटली की वस्ताद मध्ये पडून जोड सोडवतो. शरीरात हे काम नियामक टी पेशींचं. आनुवंशिक बीपी असलेल्या उंदरांच्या जातीत मादीच्या मूत्रपिंडात या पेशी नरापेक्षा जास्त सापडतात. नरात दाह भडकवणाऱ्या पेशींचं पारडं जड असतं. औषधाने नियामक पेशी काढून टाकल्या, की मादीचं संरक्षण गेलं. बीजकोष हळूहळू थकवणारं रसायन देऊन रजोनिवृत्ती घडवली, तरीही गेलं. आपल्याकडे पाळी सर्वसाधारणपणे सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते, म्हणजे काटा वर सरकायचा काळ नेमका तोच.

म्हणून पाळी गेल्यावर घटणाऱ्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या गोळ्या घ्याव्यात असं कुणी समजू नये. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी काहींचं बीपी वाढतंसुद्धा. शिवाय स्त्रियांची प्रतिकारशक्ती एकूणात जास्त तिखट असते. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या ल्युपस या आजाराच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांच्यात ऐन तरुणपणीच बीपी वाढलेलं दिसतं. पाळी सुरू असली तरी संरक्षणाची हमी नाही.

मिठाचाही इथे संबंध येतो. बीपी वाढलं की कोल्हापूरकर तांबड्या रश्श्याच्या तिखटाला बोल लावतो आणि खर्डा, पापड, लोणच्यातलं मीठ नामानिराळं राहतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा. २०१७ च्या एका जर्मन अभ्यासात निरोगी माणसांना १४ दिवस रोज ६ ग्रॅम मीठ जादा दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तात दाह वाढवणाऱ्या टी पेशीही वाढल्या आणि बीपीही. माणसं होती बारा, बाराही पुरुष.

मग प्रतिकारशक्ती दाबून बीपी उतरवता येईल का? २००६ मध्ये सोरायसिस किंवा आमवातासाठी असं औषध घेणाऱ्या आठ जणांचं बीपी औषध सुरू असेपर्यंत उतरलं होतं. पण अशा औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि सायक्लोस्पोरिनसारखं त्याच कुळातलं औषध उलट बीपी चढवतं. तेव्हा सध्या तरी दवाखान्यात दोघांनाही तीच ॲम्लोडिपिन, तीच टेल्मिसार्टन मिळणार, आणि ती लागूही पडते. टेल्मिसार्टन अडवते ते अँजिओटेन्सिनच, उंदरांच्या कातडीखालच्या पंपातलं.

फरक करता येतो तो विचारपूस करताना. गरोदरपणात बीपी चढलं होतं का, हा प्रश्न पन्नाशीच्या बाईला क्वचितच कुणी विचारतं. गरोदरपणातल्या त्या विकारात नियामक टी पेशी कमी पडलेल्या आढळतात, आणि तो होऊन गेलेल्या बाईला पुढे उच्च रक्तदाबाचा धोका जास्त असतो. मूल आता कॉलेजात असलं तरी ती जुनी फाईल डॉक्टरांना दाखवावी.