गोल की थेंबासारखं? इम्प्लांटच्या निवडीमागची साठ वर्षं

इंदुरात पलासिया, विजयनगरकडे स्तनवर्धनाच्या पाट्या आता उघड दिसतात. रामबाग-नारायणबागेतल्या आपल्या मराठी घरांत मात्र हा विषय अजून दबक्या आवाजातच निघतो. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आधीच्या पिढीला एमवाय या सरकारी रुग्णालयाचा जळीत वॉर्डच आठवतो. त्यामुळे मुलगी घरी न सांगता मैत्रिणीला घेऊन जाते. डॉक्टर छातीची रुंदी मोजतात, टेबलावर इम्प्लांटचे, म्हणजे स्तनात बसवायच्या कृत्रिम पिशव्यांचे, नमुने मांडतात: गोल, थेंबाच्या आकाराचं, गुळगुळीत, खरखरीत, अडीचशे सीसी, तीनशे सीसी. आणि एका बैठकीत तिनं ठरवायचं असतं. त्या टेबलावरचा जवळजवळ प्रत्येक नमुना आधीच्या कुठल्या तरी दुखण्यावरचा उतारा म्हणून निघालेला आहे. काही उताऱ्यांनी नवी दुखणी लावली, ही गोष्ट माहितीपत्रकात सहसा नसते.

सुरुवात इम्प्लांटनं झालीच नाही. १८९५ साली जर्मनीत हायडेलबर्गला व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी एका बाईच्या स्तनातली गाठ काढली आणि तिच्याच अंगावरची चरबीची गाठ त्या जागी बसवली. पुढे पॅराफिनची इंजेक्शनं आली, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पातळ सिलिकॉन थेट टोचलं जाऊ लागलं. दोन्हींचे हाल सारखेच: माल जागेवरून सरकतो, कडक गाठी होतात, जखमा चिघळतात. भरायचं ते पिशवीत बंद हवं, एवढं यातून कळलं.

ती पिशवी १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनला तयार झाली. फ्रँक जेरो यांना रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात घेतल्यावर ही कल्पना सुचली, असं सांगतात. त्यांनी आणि थॉमस क्रोनिन यांनी डाऊ कॉर्निंग कंपनीच्या सिलिकॉनचं इम्प्लांट करवून घेतलं. ते आधी एका कुत्रीला बसवलं, मग एका बाईला. ती बाई आली होती छातीवरचं गोंदण काढायला! डॉक्टरांनी इम्प्लांटचं सुचवलं, तेव्हा तिनं त्याऐवजी कान नीट करून मागितले, आणि सौदा जमला. गंमत म्हणजे आज 'नॅचरल' म्हणून खपवला जाणारा थेंबाचा आकार त्या पहिल्याच इम्प्लांटचा होता. कवच जाड, मागे छातीला चिकटून राहावं म्हणून डेक्रॉन या कृत्रिम कापडाचे तुकडे.

दोन वर्षांत फ्रान्समध्ये सलाइनचा प्रकार निघाला. तो फुटला तर खारं पाणी शरीरात जिरतं आणि स्तन बसतो, म्हणजे लगेच कळतं. बारीक अंगाच्या बाईला मात्र त्याच्या सुरकुत्या हाताला लागतात. सिलिकॉन जेल फुटलं तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. १९७०च्या दशकात मऊपणासाठी कवच आणि जेल दोन्ही पातळ केले, तर गळती वाढली. अमेरिकेत खटले उभे राहिले, १९९२ साली एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, जेलवर निर्बंध आणले, १९९५ला डाऊ कॉर्निंगनं दिवाळं काढलं. १९९९च्या मोठ्या शास्त्रीय अहवालात मात्र इम्प्लांटचा सर्वांगाच्या आजारांशी संबंध सिद्ध झाला नाही, आणि २००६मध्ये जेल परत आलं. ते आता घट्ट असतं, कापलं तरी ओघळत नाही.

खरी मेख पृष्ठभागात आहे. शरीर इम्प्लांटभोवती आवरण तयार करतं. ते आवळलं की स्तन दगडासारखा कडक होतो. त्यावर उपाय म्हणून कवच खरखरीत केलं. थेंबाच्या आकाराला तर ही खरखर लागतेच, कारण आत फिरला तर आकार वाकडा दिसणार. गोल फिरला काय नि न फिरला काय. पण २०११ साली एफडीएनं इम्प्लांटभोवतीच्या आवरणातल्या एका दुर्मीळ लिम्फोमाकडे, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाकडे, बोट दाखवलं. पुढे तो प्रामुख्यानं खरखरीत कवचाशी जोडला गेला, आणि जुलै २०१९मध्ये अॅलर्गन कंपनीची बायोसेल नावाची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली. हा आजार बहुधा बऱ्याच वर्षांनी, एका बाजूला अचानक सूज येऊन दिसतो. लवकर सापडला तर इम्प्लांट आणि आवरण काढून बहुतेकजणी बऱ्या होतात.

म्हणून माझ्या मते जेल की सलाइन याआधी पृष्ठभागाचं विचारावं. थेंबाचा आग्रह धरणाऱ्या डॉक्टरांना तर नक्कीच.

फ्रान्सच्या पीआयपी कंपनीचं प्रकरण वेगळं, ती सरळ फसवणूक होती. वैद्यकीय जेलच्या जागी औद्योगिक सिलिकॉन भरलं जात होतं, २०१०मध्ये उघड झालं. तोवर ती इम्प्लांट अनेक देशांत गेली होती, आणि आपल्या अंगात कुठल्या कंपनीचं आहे हे कित्येकींना माहीतच नव्हतं.

इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांकाची स्टिकरं असतात. एक दवाखान्याच्या फाइलला लागतं, एक बाईकडे यायला हवं. कागदावर नुसतं 'सिलिकॉन, तीनशे सीसी' लिहून मिळत असेल, तर स्टिकर मागून घ्यावं. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. जेल असेल तर पाचसहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर दोनतीन वर्षांनी, असं एफडीए सांगते, आणि तेव्हा तपासणाऱ्यालाही तो क्रमांक लागतो.