मंगळावर आदळायचं, पण बेतानं

मे महिन्याच्या सुट्टीत ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या मुलांनी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून अंडी टाकायची स्पर्धा लावली. वॉचमनकाकांना विचारून, अर्थात. फरशी मात्र मलाच धुवावी लागली. टणक थर्माकोलच्या खोक्यात घट्ट बसवलेलं अंडं फुटलं. एका मुलीनं वर्तमानपत्राच्या पोकळ सुरळ्या आणि अंड्यांच्या ट्रेचे तुकडे एकावर एक रचले होते. त्यांचा पार चोथा झाला, अंडं शाबूत.

९ मीटरवरून पडलेली वस्तू ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येते. ती १ सेंटिमीटरात थांबली, तर गुरुत्वाकर्षणाच्या ९०० पट झटका बसतो. १५ सेंटिमीटर चेपत थांबली, तर ६० पट. सगळी गंमत या चेपण्यात आहे.

मंगळापर्यंत स्वस्तात पोचता येतं हे मंगळयानानं २०१४ मध्ये सुमारे ४५० कोटींत दाखवून दिलं. खर्च वाढतो तो उतरताना. तिथली हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ: यान तापवायला पुरेशी, नुसत्या पॅराशूटवर अलगद उतरवायला अपुरी. मग रडार आलं, रॉकेटं आली, ती सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं. आणि तेही दगा देतं. १९९९ मध्ये नासाच्या मार्स पोलर लँडर या यानाचे पाय उघडताना बसलेला हिसका म्हणजेच जमीन, असं संगणकाला बहुधा वाटलं आणि इंजिनं हवेतच बंद झाली.

नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतल्या ‘शील्ड’ या प्रस्तावात ना पॅराशूट, ना रॉकेट. यानाखाली पेटीच्या भात्यासारखा धातूचा घड्यांचा तळ. तो चेपतो आणि धक्का गिळतो. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचा नमुना २७ मीटर उंच मनोऱ्यावरून ताशी १७७ किलोमीटर वेगानं जाड पोलादी पत्र्यावर आपटला. नुसतं सोडून एवढा वेग येत नाही, म्हणून तो वरून जोरानं फेकला होता. आत ठेवलेला स्मार्टफोन चालूच राहिला!

अशा यानातून नाजूक रोव्हर जाणार नाही, हे खरं. पण भूकंपमापक जाईल. २०१८ मध्ये उतरलेल्या नासाच्या ‘इनसाइट’ यानानं मंगळावरचे भूकंप एकट्यानं मोजले, धक्का नेमका कुठून आला हे नीट सांगायला मात्र निदान तीन केंद्रं लागतात. माझं मत विचाराल, तर इस्रोनं अशी चार पाठवावीत. एखादं फुटलं तरी तीन उरतात.