२०० मिलिसेकंद आणि एक हक्कसोडपत्र

एका दिवाळी अंकासाठी कथा पाठवली होती. संपादकांचा फोन आला. कथा आवडली होती, पण बोलता बोलता माझ्या निदानाचा विषय निघाला. "अहो, पण स्वमग्न लोकांना दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही म्हणतात ना? मग एका घरातली ही एवढी माणसं तुम्ही उभी कशी केलीत?" विचारण्यात खोच नव्हती, खरंच कुतूहल होतं. मी "हो... म्हणजे..." म्हणून अडखळले, आणि तेवढ्यात ते मानधनाकडे वळले. उत्तर मला रात्री भांडी घासताना सुचलं. जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहिते.

आधी शब्दाबद्दल. 'ऑटिझम'मध्ये ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' मुळातच बसलेला आहे, त्यामुळे 'स्वमग्नता' करणाऱ्याला दोष देता येत नाही. पण तो शब्द ऐकला की स्वतःत बुडालेला, बाहेरच्यांशी देणंघेणं नसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. लग्नाच्या पंगतीत माझं नेमकं उलट होतं. कोण कोणाकडे बघायचं टाळतंय, कोणाच्या पानातली जिलबी तशीच पडलीये, डोक्यावरचा पंखा कितव्या फेरीला खट्ट करतो, सगळं एकदम आत घुसतं. मग्न असते मी, पण स्वतःत नाही. म्हणून पुढे ऑटिझमच म्हणते.

संपादकांच्या प्रश्नाचं मूळ १९८५ सालच्या एका प्रयोगात आहे. लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांसमोर दोन बाहुल्या ठेवल्या, सॅली आणि ॲन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्यामागे ॲन ती गोटी काढून खोक्यात ठेवते. सॅली परत आली, की गोटी कुठे शोधेल? बरोबर उत्तर टोपली, कारण अदलाबदल सॅलीने पाहिलेलीच नाही. ऑटिझम नसलेल्या २७ मुलांपैकी २३ जणांनी आणि डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ जणांनी टोपली दाखवली. ऑटिस्टिक २० मुलांपैकी फक्त ४ जणांनी. बाकीच्या १६ जणांनी खोकं दाखवलं, म्हणजे गोटी खरोखर जिथे होती ती जागा. यावरून निष्कर्ष निघाला, की दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं जग असतं हे या मुलांना उमजत नाही.

मला त्या १६ जणांपेक्षा ४ जणांचं जास्त कुतूहल आहे. त्यांना कसं जमलं? फ्रान्सेस्का हॅपे यांनी १९९५ साली अशा चाचण्यांचे आकडे एकत्र करून त्यांची मुलांच्या 'भाषेच्या वया'शी सांगड घातली. भाषेचं वय म्हणजे मुलाचा शब्दसाठा साधारण कोणत्या वयाच्या मुलाइतका आहे ते. इतर मुलांमध्ये उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्म्यावर पोचते ती भाषेच्या चौथ्या वर्षी. ऑटिस्टिक मुलांमध्ये ९ वर्षं २ महिन्यांना. म्हणजे पोचतात, पण उशिरा, आणि बहुधा भाषेचा हात धरून. इतर मुलं नुसत्या अंदाजाने जिथे उतरतात, तिथे ही मुलं वाक्यांची शिडी लावून उतरतात, असं मी त्याचं चित्र रंगवते.

ही शिडी मराठीत छान मजबूत आहे. 'गोटी खोक्यात आहे हे तिला कळलं' आणि 'गोटी टोपलीत आहे असं तिला वाटलं', ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. 'कळलं' म्हटलं की बोलणारा स्वतःही त्या गोष्टीला खरं मानतो. 'वाटलं' म्हटलं की हात झटकतो. जोडणारा शब्दसुद्धा बदलतो, तिथे 'हे', इथे 'असं'. शिवाय आपल्याकडे 'म्हणे' आहे. 'जमीन विकली म्हणे', एका शब्दात बातमी दिली आणि जबाबदारी टाळली. कोणाला काय ठाऊक आहे आणि ते कुठून कळलं, याचा हिशेब व्याकरणच ठेवतं. मला हा हिशेब चेहऱ्यांवरून कधी वाचता आला नाही. व्याकरणातून आला.

आता घड्याळाकडे. या लेखाचं खरं निमित्त तेच आहे.

२००९ साली आत्सुशी सेन्जू आणि सहकाऱ्यांनी ॲस्पर्गर (बोलणं आणि बुद्धी शाबूत असलेल्या ऑटिझमचं तेव्हाचं नाव) असलेल्या प्रौढांना बाहुल्यांसारखाच प्रसंग व्हिडिओवर दाखवला, पण काहीही विचारलं नाही. फक्त त्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. विचारून घेतलेल्या चाचण्या हीच माणसं बिनचूक सोडवत होती. न विचारता मात्र त्यांची नजर योग्य खोक्याकडे आधीच धावत नव्हती. (अशा नजरेच्या चाचण्यांचे निकाल पुढे सगळ्या प्रयोगशाळांत सारखे आलेले नाहीत, ऑटिझम नसलेल्यांतही नाहीत. तेव्हा एवढ्यावर इमला बांधू नये.) पण फरक कशात असू शकतो ते इथे दिसतं. मन ओळखता येतं की नाही, हा एक प्रश्न. कोणी न सांगता आणि वेळेत ओळखता येतं का, हा वेगळाच प्रश्न.

वेळेत म्हणजे किती वेळात? त्याच वर्षी तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या १० भाषांमधल्या साध्या गप्पा तपासल्या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात. एका सेकंदाचा पाचवा भाग. उलट समोर नुसतं कुत्र्याचं चित्र दाखवलं, तर 'कुत्रा' म्हणायलाच माणसाला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. हिशेब जुळत नाही. जुळायचा तर समोरच्याचं वाक्य संपायच्या निदान ४०० मिलिसेकंद आधीच उत्तराची तयारी सुरू झालेली असायला हवी. म्हणजे ऐकणारा चार कामं एकाच वेळी करत असतो: शब्द पकडणं, वाक्य कुठे जाऊन थांबेल याचा अंदाज बांधणं, हा प्रश्न आहे की टोमणा की आमंत्रण ते ठरवणं, आणि आपलं वाक्य जुळवून तोंडाशी आणून ठेवणं. मग फक्त सूर उतरायची वाट बघायची. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे 'तुम्ही चहा...' इथपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. 'घेणार ना?', 'घेऊनच जा' की 'घेतला असेलच', पाहुण्याचं भवितव्य शेपटात. बरं, क्रियापद शेवटी म्हणून ऐकणारा थांबतो म्हणावं, तर तेही नाही. जपानीतही ते शेवटीच येतं, आणि त्या दहा भाषांत सगळ्यांत चटकन उत्तर जपानी लोकांचं, सरासरी ७ मिलिसेकंदांत! सगळ्यांत सावकाश डॅनिश, सुमारे ४७०. म्हणजे ऐकणारा नुसती वाक्यरचना ऐकत नाही, तो समोरच्याचा हेतू आधीच गृहीत धरून बसलेला असतो. (इथवर वाचताना दमला असाल तर एवढंच लक्षात ठेवा, की गप्पा ही अंदाजांची शर्यत आहे.)

त्या अभ्यासात आणखी एक निघालं. होकारार्थी उत्तरं सर्वसाधारणपणे लवकर येतात, नकारार्थी रेंगाळतात. त्यामुळे उशिरा आलेला 'हो' लोकांना नाखुशीचा वाटतो. मला उत्तराला दीड-दोन सेकंद लागतात. आयुष्यभर माझे कित्येक 'हो' लोकांनी 'नाही' म्हणून ऐकले असतील, असा माझा संशय आहे.

लिहायच्या टेबलावर हे घड्याळ नसतं.

त्या कथेत मालन माहेरी आली आहे. भावांना तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. शेतातून रस्ता जाणार आहे आणि मोबदला मिळणार आहे, हे थोरल्याला ठाऊक आहे. मालनला याचा पत्ता नाही असं त्याला वाटतं. मालनला ते एसटीतच शेजारच्या बाईकडून कळलंय. आणि मालनला कळलंय हे थोरल्या वहिनीच्या लक्षात आलंय, पण ती नवऱ्याला सांगत नाही. मी वहीत तक्ता आखते. आडव्या ओळीत गोष्ट, उभ्या रकान्यात माणूस. चौकटीत 'क' म्हणजे कळलंय, 'वा' म्हणजे वाटतंय. मालनच्या रकान्यात रस्त्यासमोर 'क'. थोरल्याच्या रकान्यात 'मालनला माहीत असणं' यासमोर 'वा: नाही'. वहिनीकडे दोन्हींसमोर 'क'. शेवटचा रकाना वाचकाचा. मग प्रत्येक संवाद त्या तक्त्यावर घासून बघायचा, हे वाक्य बोलणाऱ्याला एवढं ठाऊक असू शकतं का? पहिल्या खर्ड्यात वहिनी म्हणत होती, "वन्सं, घाई करू नका सहीची." ते वाक्य तक्त्यात नापास झालं. नवरा समोर बसलेला असताना ती असं बोलणं शक्य नाही. अकरा दिवसांनी सापडलं, "वन्सं, पोळीवर तूप वाढू का अजून? बसा निवांत, एसटी सहाची आहे."

अकरा दिवस. गप्पांत ही चैन कुठली? बाकीच्या लेखकांना पात्रं 'आपोआप बोलतात' म्हणे. बोलत असतीलही. माझा अंदाज असा, की तक्ता त्यांच्याकडेही असतो, फक्त तो त्यांना दिसत नाही.

कल्पनाशक्तीवरचा आक्षेपही थोडक्यात उरकते. १९७९ साली लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गोल्ड यांनी ऑटिझमच्या अडचणींचं त्रिकूट मांडलं, त्यात तिसरी कल्पनाशक्ती होती. त्यांचा रोख मुख्यतः लहानपणच्या भातुकलीसारख्या खोट्या-खोट्या खेळांकडे आणि सामाजिक कल्पनेकडे होता. लोकांनी त्याचा अर्थ 'यांना गोष्ट सुचत नाही' असा लावला. २०१३ सालच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत ते त्रिकूट उरलेलं नाही. अमेरिकेतल्या हेलन होआंग प्रणयकादंबऱ्या लिहितात. नायिका ऑटिस्टिक करायची म्हणून त्यांनी वाचायला घेतलं, तर त्या वर्णनात त्यांना स्वतःच सापडल्या, आणि २०१६ साली त्यांचं रीतसर निदान झालं.

मात्र उलट्या टोकालाही जाऊ नका. 'आइन्स्टाइनलाही होता' हे व्हॉट्सॲपवरचं निदान मेलेल्या माणसाला न तपासता केलेलं आहे. ऑटिझम म्हणजे देणगी म्हणणारे, अंगारा लावणारे, पत्रिकेत शनी दाखवणारे आणि स्टेम सेलची इंजेक्शनं विकणारे, सगळे एकाच जत्रेतले दुकानदार. लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती तर १९९८ साली १२ मुलांवरच्या एका निबंधातून पसरली. तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला, तरी आमच्या सोसायटीत अजून जिवंत आहे. पुष्कळ ऑटिस्टिक माणसांना बोलताही येत नाही, त्यांच्या आईवडिलांना माझ्या कथेचं कौतुक ऐकवून काही उपयोग नाही.

आता पात्रं 'पटण्या'बद्दल. पटायची ती कोणाला? २०१७ साली नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम नसलेल्या लोकांना अनोळखी माणसांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या. त्यातल्या ऑटिस्टिक माणसांबद्दल बघणाऱ्यांचं मत चटकन वाईट झालं, यांच्याशी गप्पा मारायला नको वाटल्या. नुसता आवाज ऐकवला, नुसता फोटो दाखवला, तरी तेच. पण त्यांचं बोलणं फक्त कागदावर उतरवून दिलं, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. तेच शब्द, तीच माणसं. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ सालीच म्हटलं होतं, की न समजण्याचा हा रस्ता दुहेरी आहे. आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही, फक्त चाचणी आमची घेतली जाते. माझ्यासारखीला कागद का बरा वाटतो, याचं सॅसनच्या निकालाहून नेमकं कारण मला अजून मिळालेलं नाही.

मुद्रितं तपासताना संपादकांचा पुन्हा फोन आला. कथेच्या शेवटी थोरला विचारतो, "माले, करतेस ना सही?" मालन पेनाच्या टोपणावरच्या दातांच्या खुणा बघते, आत कुकरची शिट्टी होते, दुसरी होते, मग ती "हो" म्हणते. तोवर थोरल्याचा चेहरा पडलेला असतो. संपादक म्हणाले, "हे थांबणं फार सुरेख आलंय. तिच्या मनात काय चाललेलं असतं नेमकं?"

मी थोडी थांबले. त्यांना वाटलं फोन कटला. मालनला 'हो' म्हणायला तेवढाच वेळ लागतो, एवढं सांगायचं होतं, पण तोवर ते "हॅलो, हॅलो" करत होते.