गोविंदाग्रज कोण, हे संगणकाला कोण सांगणार?

राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने. पुस्तकांची सूची कार्डांवर लिहून खणांत ठेवत, त्या कार्ड-तालिकेच्या काळात ग्रंथपाल अशा लेखकांसाठी जास्तीचे एक कार्ड करून ठेवत: 'बाळकराम – पाहा: गडकरी, राम गणेश'. त्या कार्डावर पुस्तकाची माहिती काहीच नसे. पण 'ब'चा खण ओढणारा वाचक त्या एका ओळीवरून 'ग'कडे वळे आणि नेमक्या कपाटाशी पोचे.

१८४८ साली सुरू झालेल्या पुणे नगर वाचन मंदिरापासून विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयापर्यंत पुण्याला ग्रंथालयांची मोठी परंपरा आहे. जिथे जिथे संगणक आला, तिथे देवघेव झपाट्याने बदलली. बारकोडमुळे वही गेली. पुस्तकाला चिकटवलेल्या आरएफआयडीच्या, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटवणाऱ्या, चकतीत तर बॅटरीही नसते. वाचक-यंत्राच्या रेडिओलहरींतून मिळणाऱ्या ऊर्जेवरच ती आपला क्रमांक कळवते. हे सगळे सोयीचेच आहे. अवघड प्रश्न आहे शोधाचा, आणि मराठीत तो जास्तच अवघड आहे.

संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही, त्याला क्रमांक कळतो. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे साठवता येतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण नोंद एका पद्धतीने केलेली असेल, वाचकाने दुसऱ्या पद्धतीने टाइप केले आणि प्रणालीत तशी तजवीज नसेल, तर उत्तर येते 'पुस्तक उपलब्ध नाही'. पुस्तक कपाटातच असते!

जुन्या नोंदींचे हाल आणखी वेगळे. युनिकोड रुळण्याआधीच्या अनेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. फॉन्ट गेला की नोंद वाचता येत नाही. ती बदलून घेणाऱ्या आज्ञावली आहेत, पण त्या पहिल्या वेलांटीपाशी आणि रफारापाशी हमखास अडखळतात. कारण त्या फॉन्टमध्ये 'ि' व्यंजनाच्या आधी टाइप होई, तर युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर साठवला जातो. रफाराचे नेमके उलटे. म्हणून बदललेली प्रत्येक नोंद कुणीतरी डोळ्यांखालून घालावी लागते.

त्यात १९६२चे शुद्धलेखनाचे नियम. त्याआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव', 'पुणें' असे छापलेले आहे. आतल्या शीर्षकपृष्ठावर आहे तसेच नोंदवायचे, हा तालिकेचा नियम योग्यच. पण आजचा वाचक 'पुणे' असेच टाइप करणार. दोन्ही रूपे एकाच नोंदीला जोडायची, गोविंदाग्रज आणि बाळकराम गडकऱ्यांना जोडायचे, कुसुमाग्रज शिरवाडकरांना, साने गुरुजी पांडुरंग सदाशिव सान्यांना. 'पाहा' कार्डाचे काम संपलेले नाही. माझ्या मते आज ग्रंथपालाचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे, आणि बाहेरच्या कुणाला ते दिसतही नाही.

पुण्याच्या पुरालेखागारातल्या पेशवे दप्तराचा विचार केला, तर हे काम केवढे मोठे आहे ते कळते. ती कागदपत्रे मुख्यतः मोडी लिपीत आहेत. मोडीत आधी ओळ आखून तिला अक्षरे टांगतात आणि शक्यतो हात न उचलता लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सुटतेच असे नाही. एक शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. अशा कागदाचे छायाचित्र काढणे सोपे आहे. पण त्यातला मजकूर कुणी वाचून नोंदवत नाही, तोवर ते छायाचित्र शोधात सापडत नाही. यंत्राला मोडी वाचायला शिकवायची, तरी आधी हजारो ओळींचे चित्र आणि त्यांचे अचूक देवनागरी वाचन शेजारी शेजारी द्यावे लागते. ते वाचन मोडी जाणणारी माणसेच करून देणार. म्हणून ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात युनिकोडच्या जोडीला मोडीचीही ओळख हवी, असे मला मनापासून वाटते.

यातले सॉफ्टवेअर महाग नाही. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेले आणि २००० साली वापरात आलेले 'कोहा' कुणालाही मोफत घेता येते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'ई-ग्रंथालय'ही आहे. खर्च आहे तो नोंदी तपासणाऱ्या माणसाचा. संगणकीकरणाच्या अंदाजपत्रकात संगणक, स्कॅनर, बारकोडची यंत्रे अशा ओळी असतात. त्यांच्याखाली 'नोंद-तपासनीस, एक पद' ही ओळ पहिल्याच दिवशी लिहायला हवी, आणि ते पद निदान पाच वर्षे टिकायला हवे.