21 दिवसांत सवय लागते? कुणी सांगितलं?

नोकरी सांभाळून रोज रात्री अर्धा तास नव्या कामाचा सराव करायचा, असं ठरवून माणूस वहीत 1 ते 21 आकडे लिहितो, रोज एकावर फुली मारतो. 22व्या रात्रीही लॅपटॉप उघडायचं जिवावर येतंच. मग वाटतं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही.

मुळात आकडाच चुकलाय. प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी 1960च्या पुस्तकात लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात. पुढे सांगणाऱ्यांनी ‘किमान’ गाळलं आणि चेहराही!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर 12 आठवडे अभ्यास केला. तो 2010मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला 66 दिवस. कुणाला 18 पुरले, कुणाला 254 लागतील असा हिशोब. खाण्यापिण्याच्या सवयी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. मुलाखतीची तयारी किंवा नवं कौशल्य मी तरी व्यायामाच्याच रांगेत बसवेन.

आणि हो, अधूनमधून एखादा दिवस चुकला तर त्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं.