खिशातल्या टॉर्चचा हिशेब

टॉर्चच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा लुमेनचा असतो, आणि रोज खिशात बाळगायची टॉर्च निवडताना सर्वांत कमी कामाचा आकडाही बहुधा तोच. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती वेळ टिकेल आणि कुठे पडेल, हे त्यावरून कळत नाही.

टिकण्याचा हिशेब घरबसल्या करता येतो. रिमोटमधला बारीक ट्रिपल-ए सेल रिचार्जेबल घेतला, तर तो १.२ व्होल्टचा आणि साधारण ८०० मिलिअँपिअर-तासांचा असतो. गुणाकार केला की जेमतेम १ वॉट-तास. चांगल्या टॉर्चमधला एलईडी, सर्किटमधली गळती धरून, एका वॉटमागे १०० लुमेनच्या आसपास देतो. म्हणजे १०० लुमेन एक तास, किंवा २० लुमेन पाच तास. थोडे इकडेतिकडे होईल, पण तिप्पट होणार नाही. १४ मिमी जाड आणि ५० मिमी लांब असा १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल ३ वॉट-तास देतो, तर बोटाहून जाड १८६५० सेल ११ च्या घरात जातो. शर्टाच्या खिशात मात्र तो लोंबतो.

मग इवल्याशा टॉर्चवर ‘४०० लुमेन, २ तास’ असे कसे लिहितात? अमेरिकेतल्या एएनएसआय एफएल-१ या मानकात लुमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान. चालण्याचा वेळ मात्र प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. मधल्या काळात काय घडते ते खोक्यावर नसते. एलईडीला दिलेल्या विजेतला बराच मोठा भाग उष्णता होतो आणि ती बाहेर टाकायला छोट्या टॉर्चकडे पुरेसे अंगच नसते. त्यामुळे दोन-तीन मिनिटांत सर्किट आपणहून प्रकाश उतरवते. हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण प्रकाश चौपट कमी झाला तरी डोळ्याला तो तेवढा कमी वाटत नाही.

दूरवरच्या प्रकाशाचा आकडा कँडेलाचा. त्याच्या वर्गमुळाची दुप्पट केली की मीटरमधले अंतर मिळते. २,५०० कँडेला म्हणजे १०० मीटर. पण तिथे पोहोचतो तो फक्त पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. माणूस उभा आहे एवढे दिसेल, कोण आहे ते नाही.

ठाण्यासारख्या शहरात एवढ्या प्रकाशाचा खरा उपयोग किती? लाइट गेली, लिफ्ट बंद पडली, तर जिना उतरायला २० लुमेन पुरतात. पांढऱ्या भिंती प्रकाश परतवतात. मदतीची खूण म्हणून उघडझाप करणारा एसओएसचा मोड घोडबंदर रोडवर कोण वापरतो, देव जाणे. त्यापेक्षा बटण दाबल्यावर आधी मंद प्रकाश देणारी टॉर्च घ्या. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २०-३० मिनिटे लागतात आणि एका झगझगीत झोतात ती मेहनत वाया जाते.

पावसात तर प्रखरता उलटते. डोळ्यांजवळ धरलेल्या टॉर्चचा प्रकाश समोरच्या थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो आणि पांढरा पडदा उभा राहतो. तीच टॉर्च कमरेजवळ धरली तर परतणारा प्रकाश नजरेच्या रेषेबाहेर जातो. शिवाय झोत रस्त्याला घासून गेल्याने प्रत्येक खड्ड्याची लांब सावली पडते. कपाळावरच्या हेडलॅम्पला हे जमत नाही. त्याची सावली वस्तूच्याच मागे लपते. गढूळ पाण्याखालचे उघडे मॅनहोल मात्र कुठलीच टॉर्च दाखवत नाही.

येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी रंगही बघावा. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा पिवळसर फॉस्फरचा थर मिळून पांढरा प्रकाश होतो. स्वस्त टॉर्चमध्ये लाल रंग कमी पडतो, तपकिरी वस्तू राखाडी दिसतात. ओल्या पाचोळ्यात पडलेली घोणस वेगळी ओळखायची तर असा प्रकाश कुचकामी. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या वर असलेला एलईडी घ्यावा. लुमेन थोडे कमी मिळतात, मिळू देत.

पाण्याचे म्हणाल तर आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पावसाळ्यासाठी दुसरी. महिनोन्महिने पडून राहणाऱ्या टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल ठेवू नये. त्यातून गळणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड ॲल्युमिनियम खाते आणि सेल आतच चिकटून बसतो.

१८६५० सेल घेताना त्यावर ९,९०० मिलिअँपिअर-तास लिहिलेले दिसले तर सरळ परत ठेवा. चांगल्या कंपन्यांचे सेलही ३,५०० च्या आसपास थांबतात. शंका असेल तर वजन करून बघा: अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो.