वर्षाला एक डॉलर: रॉड डीडो आणि कॉलेज बेसबॉलच्या प्रशिक्षकाची नोकरी

ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने टोनी व्हिटेलो यांना मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, नेमलं, तेव्हा अमेरिकेतल्या क्रीडापानांवर एकच चर्चा होती. व्यावसायिक बेसबॉलमध्ये एक दिवसही न काढलेला कॉलेजचा प्रशिक्षक थेट मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक पातळीवरचा, संघ सांभाळणार होता. असं आधी कधी झालं नव्हतं. टेनेसी विद्यापीठात व्हिटेलो वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर घेत होते, म्हणजे कॉलेजची नोकरी सोडताना ते गरिबीतून श्रीमंतीत गेले असंही नाही. ही नोकरी इतकी मोठी कशी झाली हे समजून घ्यायचं तर जिचा पगार वर्षाला एक डॉलर होता, त्या कारकिर्दीपासून सुरुवात करावी लागते.

रॉड डीडो यांचा जन्म १९१४ चा, न्यू ऑर्लिन्सचा. वाढले आणि शिकले कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूएससीच्या संघात ते शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधले क्षेत्ररक्षक, होते. १९३५ मध्ये पदवी घेतली आणि त्याच वर्षी ब्रुकलिन डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरले. सामने दोन, बॅटिंगला चार वेळा उभे राहिले, हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, एक. पुढे पाठीच्या मणक्याला दुखापत झाली आणि खेळाडू म्हणून सगळं तिथेच संपलं. पण त्या थोड्या दिवसांत एक माणूस मात्र कायमचा जोडला गेला. डॉजर्सचे तेव्हाचे मॅनेजर केसी स्टेंगल. स्टेंगल कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलचे रहिवासी, त्यामुळे ही दोस्ती शेवटपर्यंत टिकली.

खेळणं सुटल्यावर डीडो यांनी ५०० डॉलर घालून ट्रकवाहतुकीचा धंदा सुरू केला. गोष्टीचा खरा पाया मला इथे दिसतो. हा धंदा वाढत वाढत मोठी कंपनी झाली, आणि म्हणूनच हा माणूस पुढची चार दशकं विद्यापीठाकडून नावापुरता एक डॉलर घेऊन शिकवू शकला.

यूएससीत त्यांचे गुरू होते सॅम बॅरी. तेच बास्केटबॉलचे प्रशिक्षक, तेच बेसबॉलचे, आणि फुटबॉललाही त्यांचा हातभार. त्या काळी कॉलेजात बेसबॉलचं स्थान हेच होतं: कुणीतरी दुसरं काम सांभाळून बघायची गोष्ट. १९४२ मध्ये बॅरी युद्धासाठी नौदलात गेले आणि संघ डीडोंच्या हाती आला. युद्धानंतर बॅरी परतले तेव्हा दोघांनी मिळून काम पाहिलं. १९४८ मध्ये मिशिगनमधल्या कलामझू इथे यूएससीने येल विद्यापीठाला हरवून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. येलचा कर्णधार, फर्स्ट बेसवर उभा असलेला तरुण, होता जॉर्ज बुश, पुढे अमेरिकेचा ४१ वा राष्ट्राध्यक्ष. १९५० मध्ये बॅरी वारले आणि १९५१ पासून संघ एकट्या डीडोंचा झाला.

कॉलेज बेसबॉल तेव्हा पोरकं का होतं, याचं कारण सोपं आहे. फुटबॉल आणि बास्केटबॉलला व्यावसायिक होण्यासाठी कॉलेजचा रस्ता होता. बेसबॉलला तो लागतच नव्हता. मेजर लीगचे क्लब शाळा संपलेल्या पोरांना पैसे देऊन उचलायचे आणि आपल्याच मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवरच्या संघांत, घडवायचे. कॉलेजात जाणारा पोरगा म्हणजे वर्षं वाया घालवणारा, असाच समज होता. त्यात उत्तरेकडच्या राज्यांत मार्च-एप्रिलपर्यंत बर्फ, मैदानं झाकलेली. कॅलिफोर्नियाला मात्र फेब्रुवारीतही ऊन. डीडोंच्या यशात या उन्हाचा वाटा मोठा आहे आणि तो मान्य केल्याने त्यांचं काही कमी होत नाही, कारण तेच ऊन शेजारच्या विद्यापीठांनाही मिळत होतं.

वारं फिरलं १९६५ मध्ये. मेजर लीगने खेळाडू वाटून घेण्यासाठी ड्राफ्ट सुरू केला, आणि पहिल्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला तो ॲरिझोना स्टेटचा कॉलेज खेळाडू, रिक मंडे. हळूहळू नियमही ठरत गेले: चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतलेला खेळाडू तिसरं वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा २१ वर्षांचा होईपर्यंत ड्राफ्टमध्ये घेता येणार नाही. प्रशिक्षकाला एक पोरगा सलग तीन वर्षं शिकवायला मिळणार याची हमी मिळाली.

नियम कडक होते याचा फटका डीडोंनाही बसला. टॉम सीव्हर फ्रेस्नोच्या कॉलेजातून त्यांच्याकडे यायला निघाला, तेव्हा शिष्यवृत्ती देण्याआधी त्यांनी त्याला उन्हाळ्यात अलास्कात फेअरबँक्सच्या संघाकडून खेळायला पाठवलं. पोरगा परीक्षेत उतरला. १९६६ च्या सुरुवातीला अटलांटाच्या क्लबने त्याच्याशी करार केला, पण यूएससीचा हंगाम सुरू झाला होता म्हणून मेजर लीगच्या कमिशनरने, म्हणजे प्रमुखाने, तो करार रद्द ठरवला. कॉलेजच्या संघटनेने मात्र करारावर सही केली म्हणून त्याला कॉलेजसाठीही अपात्र ठरवलं. शेवटी टोपीत चिठ्ठ्या टाकून सीव्हर न्यूयॉर्क मेट्सला मिळाला. तीन वर्षांनी मेट्स वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपद, जिंकले.

डीडो शिकवायचे काय? एकच चूक दोनदा करू नका, असं सगळे प्रशिक्षक सांगतात. डीडो सांगायचे, एकदाही करू नका. बॉल हातातून सुटला तर तो खेळाचा भाग. पण कुठल्या बेसवर फेकायचा हे आधी ठरवलेलं नसणं, ही अक्षम्य चूक. सगळ्यांना ते ‘टायगर’ म्हणत, मग समोर मेजर लीगचा तारा असो की पहिल्या वर्षाचा पोरगा.

१९७० ते १९७४, सलग पाच विजेतेपदं. त्यातला एक सामना इथे सांगायलाच हवा. १९७३, ओमाहा, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय विजेतेपदाची शेवटची स्पर्धा जिथे भरते ते शहर, उपांत्य फेरी. समोर मिनेसोटा, त्याच बर्फाच्या मुलखातला संघ. त्यांचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, डेव्ह विनफिल्ड, साडेसहा फुटी, त्याच वर्षी बेसबॉलसोबत बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या क्लबांनीही ड्राफ्टमध्ये निवडलेला. आठ डावांत त्याने यूएससीचे १५ जण स्ट्राइक आउट केले, म्हणजे निव्वळ पिचिंगवर बाद केले. एक हिट सोडता काही दिलं नाही. मिनेसोटा ७, यूएससी ०, आणि उरला एकच डाव, तीन आउट. मग एक हिट पडला, मागोमाग दुसरा. थकलेल्या विनफिल्डला पिचिंगवरून काढून आउटफिल्डमध्ये उभं केलं, आणि आपल्या हातातला सामना कसा निसटतो ते त्याला लांबून बघावं लागलं. यूएससीने त्या एका डावात ८ रन काढले. ८-७. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो मात्र विनफिल्डच, आणि ते योग्यच होतं. अंतिम सामन्यात यूएससीने ॲरिझोना स्टेटला ४-३ ने हरवलं. त्या संघात असलेला फ्रेड लिन दोनच वर्षांत अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही ठरला.

शेवटचं, अकरावं विजेतेपद १९७८ चं. हंगामात ५४ विजय, ९ पराभव. त्यानंतरची आठ वर्षं मात्र ओमाहा दिसलं नाही. गुणी पोरं येतच होती. पिचर म्हणून आलेला मार्क मॅग्वायर बॅटर झाला आणि १९८४ मध्ये त्याने ३२ होमरन मारले. सहा फूट दहा इंचांचा रँडी जॉन्सन बॉलवर ताबा मिळवायला धडपडत होता. पण बाकीच्या विद्यापीठांना आता या खेळाची किंमत कळली होती. त्याच १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकला बेसबॉल प्रदर्शनीय खेळ म्हणून होता. अमेरिकेचा संघ डीडोंनीच घेतला, वीस वर्षांपूर्वी टोकियोत घेतला होता तसाच. अंतिम सामन्यात जपानने ६-३ ने हरवलं. १९८६ ला ते निवृत्त झाले तेव्हा नावावर १३३२ विजय होते.

एक डॉलरच्या पगाराला मी नुसता त्याग म्हणणार नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या दारात त्यांना कधी हात पसरावा लागला नाही. पण ज्याच्याकडे ट्रक नाहीत त्याने काय करायचं? तो रस्ता मायामीच्या रॉन फ्रेझर यांनी काढला. १९७७ मध्ये त्यांनी चक्क मैदानाच्या इनफिल्डवर टेबलं मांडून माणशी ५००० डॉलरची मेजवानी दिली आणि संघासाठी पैसा उभा केला. त्यांचेच सहकारी स्किप बर्टमन १९८४ मध्ये लुइझियाना स्टेटला गेले, पाच विजेतेपदं मिळवली आणि स्टेडियम भरायची सवय त्या गावाला लावली. प्रेक्षक आले, मग टीव्ही आला, मग पगार. पोरांच्या वाट्याला मात्र बराच काळ तोकडंच राहिलं: २०२५ पर्यंत तीस-पस्तीस जणांच्या संघाला पूर्ण शिष्यवृत्त्या ११.७, आणि त्यांचे तुकडे करून वाटणं हेही प्रशिक्षकाचंच काम.

विजयांचा आकडा पुढे इतरांनी मागे टाकला. फ्लोरिडा स्टेटचे माइक मार्टिन ४० वर्षांत २०२९ सामने जिंकले, १७ वेळा ओमाहाला गेले आणि एकदाही विजेतेपद घेऊन परतले नाहीत. मला या दोन कारकिर्दी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. डीडोंची अकरा विजेतेपदं किती अवघड होती, ते मार्टिन यांच्याकडे पाहिल्यावर नीट कळतं.

डीडोंनंतर यूएससीचा संघ घेतला माइक गिलेस्पी यांनी, १९६१ च्या विजेत्या संघात डीडोंच्या हाताखाली खेळलेल्या पोराने. ओमाहाला परतायला त्यांना १९९५ उजाडलं, आणि तेव्हा अंतिम सामना हरले. १९९८ मध्ये ॲरिझोना स्टेटला २१-१४ असं हरवून त्यांनी विद्यापीठाचं बारावं विजेतेपद आणलं. तेव्हा डीडो ८४ वर्षांचे होते. २००६ च्या जानेवारीत ते गेले.